टर्मिनलमधलं टोपणनाव

बॅश या शेलमध्ये ही एक ओळ टाकून पाहा: ‘एलियस आज=डेट; आज’. ‘एलियस’ आणि ‘डेट’ रोमन लिपीतच टाकावे लागतात. ‘आज’ मात्र देवनागरीत चालतं, कारण एलियसने कमांडला दिलेल्या टोपणनावात कोणती अक्षरं असावीत याबाबत बॅश फारसं अडवत नाही. एंटर दाबल्यावर तारीख दिसेल असं वाटतं, पण ‘आज’ नावाची कमांड सापडली नाही अशी तक्रार येते. आता खालच्या ओळीवर नुसतं ‘आज’ टाका. तारीख हजर.

एलियस समजून घ्यायचं तर या दोन ओळींतला फरक समजायला हवा. शेल आधी पूर्ण ओळ वाचतं, मग तिचा अर्थ लावतं आणि त्यानंतर ती चालवतं. टोपणनावाच्या जागी खरा मजकूर बसतो तो वाचतानाच. पहिल्या ओळीतलं शेवटचं ‘आज’ वाचून झालं तेव्हा त्याच ओळीतली एलियसची कमांड चाललीच नव्हती, म्हणजे ते नाव अजून नोंदलेलंच नव्हतं. बर्कलीत बिल जॉय यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेल्या सी शेलमध्ये एलियस होतं. पुढे ते कॉर्न शेल, बॅश, झेडशेल सगळीकडे आलं.

बदल होतो तो कमांडच्या जागी असलेल्या पहिल्या शब्दात. म्हणून रोजच्या वापरातलं ‘एलएल’ हे टोपणनाव एकटं चालतं, पण ‘सुडो एलएल’ म्हटलं की कमांड सापडत नाही, कारण तिथे पहिला शब्द सुडो आहे. यावरचा उपाय डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. सुडोचंच एलियस करायचं आणि त्याच्या मजकुराच्या शेवटी एक मोकळी जागा सोडायची. शेवटी मोकळी जागा असेल तर शेल पुढचा शब्दही टोपणनावांत शोधतं.

‘एलएस’ या नावालाच ‘एलएस रंगांसह’ असा अर्थ दिला, तर शेल गोल गोल फिरत का राहत नाही? ज्या नावाचा उलगडा चालू आहे तेच नाव आत पुन्हा भेटलं, तर शेल त्याला हात लावत नाही. तुम्हाला मूळ कमांडच हवी असेल, तर नावाआधी बॅकस्लॅश द्या. नावातलं एक अक्षर जरी असं झाकलं गेलं, तरी शेल त्याचं टोपणनाव शोधत नाही.

आता यादी. नुसतं ‘एलियस’ टाकलं की साठवलेली सगळी नावं अक्षरक्रमाने येतात. बॅश प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘एलियस’ हा शब्द छापतं आणि मजकूर एकेरी अवतरणात ठेवतं, म्हणजे ती ओळ उचलून जशीच्या तशी पुन्हा वापरता येते. झेडशेल तो सुरुवातीचा शब्द गाळतं. एखाद्याच नावाबद्दल शंका असेल तर ‘टाइप’ ही कमांड विचारा. ते नाव एलियस आहे, फंक्शन आहे की डिस्कवरचा प्रोग्राम, हे ती सांगते.

ही यादी मला फार मोलाची वाटते, कारण तुम्ही काय टाकलं ते ती दाखवत नाही, शेलने काय साठवलं ते दाखवते. समजा ‘इथे’ या नावाखाली सध्याची डिरेक्टरी छापायची आहे आणि तुम्ही मजकूर दुहेरी अवतरणात लिहिला. त्यातलं $पीडब्ल्यूडी तिथल्या तिथे उलगडतं आणि एक ठरावीक पत्ता गोठून बसतो. मग कुठेही जा, ‘इथे’ म्हटलं की तोच जुना पत्ता. यादी उघडली की $पीडब्ल्यूडीच्या जागी तो पत्ता दिसतो आणि चूक लगेच सापडते. एकेरी अवतरणात लिहिलं असतं तर $पीडब्ल्यूडी तसंच राहिलं असतं आणि दर वेळी ताजा अर्थ मिळाला असता.

फाइल पुसणाऱ्या ‘आरएम’ला ‘आधी विचार’ असं एलियस लावण्याची पद्धत जुनी आहे. रेड हॅटच्या रूट खात्यात ते आधीपासून असतं. मला ते धोक्याचं वाटतं. हाताला विचारणा होण्याची सवय लागते, आणि जिथे ते एलियस नाही अशा मशीनवर तीच बोटं न विचारता फाइल पुसून मोकळी होतात. विचारणारी कमांड हवीच असेल तर तिला वेगळं नाव द्यावं. स्क्रिप्टमध्ये तर बॅश मुद्दाम सांगितल्याशिवाय टोपणनावं उलगडतच नाही.

वाचतानाच होणाऱ्या या बदलाची खूण फंक्शनमध्येही सापडते. ‘आज’ वापरणारं एक फंक्शन लिहा, मग ‘अनएलियस’ने ‘आज’ काढून टाका. फंक्शन पूर्वीसारखंच तारीख देत राहतं. ‘टाइप’ने ते उघडून पाहिलं तर आत ‘आज’ कुठेच नसतं. तिथे ‘डेट’ लिहिलेलं असतं.