अमेरिकेच्या 'बास'साठी बनलेलं क्रँकबेट येलदरीच्या मरळीला चालेल का?

यूट्यूबवर एकदा मासेमारीचा व्हिडिओ पाहिला की पुढचे पंधरा दिवस तेच समोर येत राहतं. चकचकीत होडी, अंगभर जाहिराती चिकटवलेला अमेरिकन गडी आणि त्याच्या हातात बोटभर लांबीचा प्लॅस्टिकचा मासा. तो मासा लांब फेकतो, रीलची मूठ गरागरा फिरवतो आणि जबडा वासलेला हिरवट मासा पाण्याबाहेर. बाहेर आलेला मासा म्हणजे बास आणि प्लॅस्टिकचा मासा म्हणजे क्रँकबेट.

आता क्रँकबेट ऑनलाइन मागवलं की कुठेही घरपोच येतं, जिंतूरलाही. किंमत शे-दोनशेपासून हजाराच्या वर. पण परभणी जिल्ह्यात ते टाकून उपयोग काय?

आधी एक गोंधळ मिटवू. बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा, आपल्या धरणांत तो नाही. हॉटेलच्या मेन्यूवर 'बासा' असतो तो वेगळाच, मूळचा व्हिएतनामकडचा मिशाळ मासा. नावं सारखी, नातं काही नाही.

मग क्रँकबेटच्या मागे इथे धावणार कोण? रोहू, कटला, मृगळ नक्की नाहीत. त्यांना कणकेचा गोळा लावा, प्लॅस्टिकच्या माशाकडे ते ढुंकून बघायचे नाहीत. पळत्या माशावर झडप घालतो तो शिकारी मासा आणि आपल्याकडचा त्यातला पहिला मानकरी म्हणजे मरळ. सापासारखं डोकं, अंगावर पट्टे, तोंडात दात. हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे आटत आलेल्या डबक्यातही तग धरते. बाजारात भाव चांगला. आडोशाला दबा धरून बसायचं आणि समोरून काही गेलं की झेपावायचं, ही सवय मात्र थेट बाससारखी.

आता हे आमिष चालतं कसं ते बघू. क्रँकबेटच्या नाकापुढे जिभेसारखी एक पट्टी असते, सगळी करामत तिच्यात. पतंग वाऱ्याला तिरका धरला की वारा त्याला वर ढकलतो. इथे तेच उलटं. दोरी ओढली की पाणी त्या तिरक्या जिभेवर आदळतं आणि आमिषाचं नाक खाली दाबतं. जिभेच्या दोन्ही कडांवरून पाणी आळीपाळीने निसटतं, म्हणून ते डावी-उजवीकडे वळवळतं. ओढणं थांबवलं की बहुतेक क्रँकबेट तरंगत वर येतात. जीभ लांब आणि अंगाच्या रेषेत असेल तर दहा-पंधरा फूट खोल जातं, आखूड आणि उभी असेल तर तीन-चार फुटांवरच राहतं. तंगूस जाड असेल तर खोली आणखी कमी होते, कारण जाड दोरीला पाण्याचा अडसर जास्त.

माशाला हे सगळं दिसायलाच हवं असंही नाही. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना पाण्यातली थरथर टिपणारी एक रेषा असते. म्हणून गढूळ पाण्यातही वळवळणारं आमिष त्याला सापडतं. काही क्रँकबेटच्या पोटात खुळखुळणारे छर्रे असतात ते याचसाठी.

तशी ही कल्पना जुनी आहे. फिनलंडच्या लाउरी रापाला नावाच्या मच्छीमाराने १९३६ मध्ये बुचाच्या लाकडाचा मासा कोरला आणि त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली. पुढे अमेरिकेत टेनेसी राज्यात फ्रेड यंगने बाल्सा लाकडाचं गोलमटोल 'बिग ओ' बनवलं. त्याची इतकी मारामार झाली की लोक ते भाड्याने घेऊन वापरायचे!

सध्या ज्याची चलती आहे तो चौकोनी जिभेचा प्रकार त्याच वंशातला. जिभेचे कोपरे आधी अडथळ्याला धडकतात, आमिष कलंडून बाजूला उडी मारतं आणि मागचे गळ बऱ्याचदा अडकायचे वाचतात. दचकून पळणारा मासा जसा दिसेल, तसंच. झडप नेमकी त्या क्षणी पडते.

येलदरीत याला जागा आहे. पूर्णा नदीवरचं हे धरण १९६०च्या दशकात पूर्ण झालं. असे जलाशय उन्हाळ्यात उतरले की कडेचे दगड आणि जुनी खोडं उथळ पाण्यात येतात. चौकोनी जीभ तिथे कामाची. पण जिथे शेवाळ, जलपर्णी दाटलीय तिथे ती नको. क्रँकबेटला दोन तिहेरी गळ असतात, चार हात ओढलं की किलोभर गवतच हाती येतं. आणि मरळीला गवतच आवडतं, ही खरी पंचाईत. तिथे रबरी बेडूक बरा, त्याचे गळ अंगाला चिकटून असतात. माझ्या मते मरळीसाठी पहिली खरेदी बेडकाचीच करावी, क्रँकबेट दुसरं.

नवं क्रँकबेट आणलं की आधी काठाजवळच्या नितळ पाण्यात पायापाशी ओढून बघा. सरळ यायला हवं. डावीकडे पळत असेल तर दोरी बांधायची नाकातली कडी पकडीने किंचित उजवीकडे वळवा. किंचितच, केसभर. मग खोडाला लागेपर्यंत ओढा, लागलं की क्षणभर थांबा, पुन्हा ओढा.

व्हिडिओत न दिसणारी गोष्ट पावसाळ्यातली. जून ते ऑगस्टमध्ये मरळीची पिल्लं तांबूस पुंजक्याने पाण्यावर येतात, खाली आई-बाप राखण करत असतात. जवळ काहीही हललं की ते धावून जातात, त्यांना भूक असो-नसो. अनेक जण मुद्दाम त्या पुंजक्यावरच आमिष टाकतात, कारण झडप हमखास. राखणदार गेला की ती शेकडो पिल्लं बाकीच्या माशांचं खाणं होतात. त्या महिन्यांत पुंजका दिसला तर दुसरीकडे टाका. एरवीही मासा सोडून द्यायचा असेल तर गळाचे उलटे काटे पकडीने आधीच चेपून ठेवा, तिहेरी गळ काढताना जबडा फाटतो.

आणखी एक. धरणातला मासा 'कुणाचाच नाही' असं नसतं. राज्यातल्या जलाशयांत मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागामार्फत मच्छीमार सहकारी संस्थांना दिला जातो. ठेक्याचे पैसे भरून, बीज सोडून भोई समाजातली कित्येक कुटुंबं त्यावर जगतात. तेव्हा रॉड उघडण्याआधी त्या गावच्या संस्थेला विचारा. मरळ कोणत्या खोडाशी बसते हेही बहुतेक तेच सांगतील. आणि येलदरीच्या भिंतीखाली नदीपात्रात उतरायचा विचार असेल तर तो सोडा. तिथे २२.५ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे, ते सुरू झालं की आभाळात ढग नसतानाही खालचं पाणी वाढतं.