सकाळी धुकं, दुपारी स्वच्छ : मोतीबिंदूनंतर सुजलेला कॉर्निया

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आई म्हणते, "सकाळी उठल्यावर सगळं धुरकट दिसतं रे, दुपारपर्यंत बरं होतं." मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन काही वर्षं झालेली. आपण इथून म्हणतो, चष्म्याचा नंबर बदलला असेल, वयाचं आहे. पण सकाळ-दुपारचा हा फरक नीट ऐका, कारण खरी खूण तीच आहे.

डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तिच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. डोळ्यातलं पाणी सतत कॉर्नियात झिरपतं आणि या पेशी पंपासारखं ते परत उपसतात. माणसाच्या शरीरात या पेशी गेल्या की नव्याने तयार होत नाहीत. वयाने त्या घटतात, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत आणखी काही जातात. बहुतेकांचं निभावतं. ज्यांच्याकडे आधीच कमी असतात, किंवा ज्यांचा मोतीबिंदू फार कडक झालेला असतो, त्यांचे पंप कमी पडू शकतात. म्हणून लगेच सर्जनला दोष देऊ नका. रात्रभर डोळे मिटलेले असतात, पाणी वरून उडून जात नाही, आणि सकाळी सूज जास्त दिसते. पुढे पृष्ठभागावर बारीक फोड येतात. ते फुटले की डोळ्यात खडे गेल्यासारखं दुखतं.

पूर्वी यावर अख्खा कॉर्निया बदलायचे. टाके भरपूर, आणि नजर स्थिरावायला वर्षभरही लागे. आता फक्त खराब झालेला आतला थर काढून दात्याच्या डोळ्यातला थर बसवतात. 'डीसेक'मध्ये पापुद्रा थोडा जाड असतो. नेदरलँड्सच्या डॉ. गेरिट मेलेस यांनी 2006 मध्ये मांडलेल्या 'डीमेक'मध्ये तो मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाइतका पातळ! सुरळी करून छोट्या छेदातून आत सोडतात, उलगडतात आणि हवेच्या किंवा गॅसच्या बुडबुड्याने वर दाबून धरतात.

बुडबुडा वर तरंगतो, म्हणून पेशंटने छताकडे तोंड करून उताणं पडून राहायचं, डॉक्टर सांगतील तितका वेळ. त्या दिवसांत घरात कुणीतरी हवंच. थर सुटला तर पुन्हा हवा भरावी लागते. आणि डोळ्यात बुडबुडा असेपर्यंत विमानप्रवास नाही म्हणजे नाही: उंचावर तो फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. आईला इकडे आणायचं तिकीट आधी काढलं असेल तर तारीख बदला.

स्टेरॉइडचे थेंब बरेच महिने चालतात. बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करायचे नाहीत. डोळा लाल झाला, उजेड सहन होईना किंवा नजर पुन्हा धूसर झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर. थर नाकारला जात असेल तर वेळेवर उपचाराने अनेकदा वाचतो.

फार थांबलं तर सूज जुनी होऊन कॉर्नियात व्रण राहतात, मग नुसता थर बदलून पुरत नाही. तेव्हा पुढच्या कॉलवर आईला विचारा, धुकं किती वाजेपर्यंत राहतं? आणि दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढायचा असेल, तर आधी तिथल्या एंडोथेलियमच्या पेशी मोजून घ्यायला सांगा.