टोकाला हात असलेला धागा

पायाचा अंगठा दगडाला ठेचकाळला की 'आई गं!' म्हणायला किती वेळ लागतो? लगेच ओरडतो आपण! अंगठ्याची ही बातमी कमरेपर्यंत नेणारा धागा म्हणजे एकाच चेतापेशीचा तंतू. मोठ्या माणसात तो जवळजवळ १ मीटर भरतो. पेशीचं मूळ अंग मात्र मणक्याजवळच, नुसत्या डोळ्यांना दिसणंही कठीण. मग आईच्या पोटात बाळ वाढत असताना या धाग्याला अंगठ्याची वाट सापडते कशी?

या कोड्यामागचा शोध सुरू झाला तो चक्क एका झोपायच्या खोलीत! इटलीतल्या तुरिन शहरात रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनी नावाची तरुण डॉक्टर होती. ती ज्यू. १९३८ साली मुसोलिनीच्या सरकारनं कायदा करून ज्यूंना विद्यापीठांतून हाकललं. पण ही बाई कसली गप्प बसते! तिनं घरातच प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून बारीक हत्यारं केली आणि अंड्यात वाढणाऱ्या कोंबडीच्या पिल्लांच्या चेतापेशी ती तपासू लागली. शहरावर बॉम्ब पडू लागले, तेव्हा ती खेड्यात गेली. तिथं सायकलवरून शेतकऱ्यांकडे अंडी मागत फिरायची, 'लहान मुलांसाठी हवीत' असं सांगून. प्रयोगानंतर जे उरे त्याचं ऑम्लेट व्हायचं. युद्धाचे दिवस होते ना!

१९४७ साली ती अमेरिकेला गेली. १९५२ मध्ये, गाठ झालेले दोन उंदीर बरोबर घेऊन, विमानानं ब्राझीलला पोचली. तिथं काचेवर तिनं पिल्लाच्या चेतापेशींचा पुंजका ठेवला आणि त्याला न चिकटवता, शेजारी उंदराच्या गाठीचा तुकडा. दिवसभरातच पुंजक्यातून सूर्याच्या किरणांसारखे तंतू फुटले! गाठीतून काहीतरी पाझरत होतं. ते एक प्रथिन आहे हे स्टॅन्ली कोहेन यांनी दाखवलं. त्याचं नाव नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. रिटाबाई पुढे १०३ वर्षं जगल्या. २०१२ साली त्या गेल्या.

आता खरी गंमत. वाढत्या तंतूच्या टोकाला पंजासारखा पसरट भाग असतो, त्याला वृद्धिशंकू म्हणतात. त्याची बोटं सारखी चाचपडत असतात. बोटांच्या आत असतात ॲक्टिन या प्रथिनाचे बारीक दोर. पुढच्या टोकाला नवे कण जोडले जातात, मागचे सुटतात. मागून येतात सूक्ष्मनलिका. त्या जाड आणि ताठ, जणू मांडवाचे बांबू. बोटं वाट शोधतात, मग बांबू पुढे सरकून ती पक्की करतात.

ग्रोथ फॅक्टर पेशीच्या आत शिरून हे काम करत नाही बरं का! पेशीच्या कातडीवर ट्रॅक-ए नावाचं प्रथिन पहाऱ्याला असतं. फॅक्टर त्याला बाहेरून चिकटला की आतला भाग जागा होतो आणि निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जातो. 'रॅक' नावाचं प्रथिन ॲक्टिनचे दोर वाढवायला लावतं. त्याच वेळी सूक्ष्मनलिकांचा ब्रेक सैल होतो. निरोप एकाच बाजूनं आला तर बोटं त्याच बाजूला जास्त फुटतात आणि धागा तिकडे वळतो. याउलट 'इकडे नको' असं सांगणारे पदार्थही असतात. ते 'ऱ्हो' नावाच्या प्रथिनाला चेतवतात आणि पंजा मिटतो.

फार क्वचित एखादं मूल बिघडलेलं ट्रॅक-ए घेऊन जन्मतं. त्याच्या वेदना नेणाऱ्या पेशी गर्भातच मरून जातात. त्याला चटका बसला, हाड मोडलं, तरी दुखत नाही. मजा वाटते? अशी मुलं जीभ चावतात, जखमा चिघळतात आणि त्यांना पत्ताच नसतो.

हातापायातला तंतू तुटला तर तो रोज साधारण १ मिलिमीटर वाढू शकतो. पाठीच्या कण्यातला मात्र बहुधा अडूनच बसतो. तिथल्या तंतूंच्या वेष्टनातच एक प्रथिन असतं, ते 'ऱ्हो'ला चेतवून पंजा मिटवतं. शास्त्रज्ञांनी त्याला मोठं चपखल नाव दिलंय: 'नोगो', म्हणजे 'जाऊ नको'! त्याचं तोंड बंद करणारी औषधं कण्याला इजा झालेल्या रुग्णांवर तपासून पाहिली जात आहेत.