सोन्याचा कॅरेट शुद्धतेचा, हिऱ्याचा वजनाचा

सराफाच्या पेढीवर ‘२२ कॅरेट’ म्हटले की सोन्याची शुद्धता कळते. हिऱ्याच्या बाबतीत मात्र कॅरेट हे केवळ वजनाचे एकक आहे. १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि त्याचे १०० सेंट होतात. उच्चार एकच असल्याने ‘अधिक कॅरेट म्हणजे अधिक चांगला हिरा’ असा समज होतो आणि लग्नसराईत अंगठी निवडताना तो महागात पडू शकतो.

सारख्याच वजनाच्या दोन हिऱ्यांच्या किमतीत काही पटींचा फरक असतो. वजनाखेरीज रंग, निर्मळता आणि कट, म्हणजे पैलूंची घडण, यांवरही मोल ठरते. रंगाची श्रेणी ‘डी’पासून ‘झेड’पर्यंत असते. ‘डी’ म्हणजे पूर्णतः रंगहीन. पुढे पिवळसर झाक वाढत जाते. निर्मळता दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून तपासून ११ श्रेणींत नोंदवली जाते. त्यांतील ‘व्हीएस’ श्रेणीतले सूक्ष्म दोषही सहसा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे सर्वोच्च श्रेणीसाठी मोजलेली जादा रक्कम बोटातील अंगठीत दिसेलच असे नाही.

दिसते ती घडण. हिरा प्रमाणापेक्षा खोल किंवा उथळ कापला गेला, तर आत शिरलेला प्रकाश वर न परतता खालून निसटतो आणि वजनदार हिराही निस्तेज वाटतो. जुनी माणसे ज्याला हिऱ्याचे ‘पाणी’ म्हणत, त्यातले बरेचसे पैलूंवर अवलंबून असते. १८५२ मध्ये लंडनमध्ये कोहिनूरला नव्याने पैलू पाडताना त्याचे वजन सुमारे १९१ कॅरेटवरून १०५.६ कॅरेटवर आले. तेजासाठी ४० टक्क्यांहून अधिक वजन गमवावे लागले.

खरेदीवेळी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. हिरा नैसर्गिक आहे की प्रयोगशाळेत घडवलेला, हे त्यात नमूद असते. दोन्ही कार्बनचेच असतात व डोळ्यांना सारखेच दिसतात. मात्र प्रयोगशाळेतील हिरा बराच स्वस्त मिळतो. अनेक हिऱ्यांच्या कडेवर अहवालाचा क्रमांक लेझरने कोरलेला असतो. तो भिंगाखाली जुळवून पाहावा. अहवालात गुणवत्ता असते, किंमत नसते. म्हणून हिऱ्याचा दर, सोन्याचे मोल व घडणावळ बिलावर स्वतंत्र लिहून घ्यावी आणि परतखरेदीच्या अटीही आधीच विचाराव्यात.