उन्हाळ्याची सुट्टी बोटीवर : निवड करण्यापूर्वी

परीक्षा आटोपतात, गच्चीवर कुरडया-पापडांची वाळवणं पडतात आणि घराघरांतून एकच प्रश्न सुरू होतो : यंदा कुठे जायचं? मामाचं गाव, महाबळेश्वर, फार तर गोवा, ही उत्तरं मुलांना आता जुनी वाटू लागली आहेत. वर्गातली कुणीतरी मैत्रीण बोटीवर जाऊन आलेली असते आणि ‘क्रूझ’ हा शब्द घरात येतो. यजमान म्हणतात, “बघू.” सासूबाई म्हणतात, “मला बोट लागते.” आणि शेवटी चौकशी, हिशेब, सामान आणि प्रत्येकाची मर्जी हे सगळं तुमच्याकडे येतं.

म्हणून मैत्रिणींनो, ही चौकशी आपण नीट करू या. उदाहरणादाखल कोलाडचं एक घर घ्या. नवरा-बायको, दोन मुलं आणि सासूबाई. पेण, रोहे, माणगाव, चिपळूण, कुठेही राहत असलात तरी गणित थोड्याफार फरकानं हेच.

सुट्टी नक्की कुणाची?

पहिला प्रश्न पैशाचा नाही, हा आहे. आपल्या बहुतेक सहलींत घर बदलतं, काम बदलत नाही. भाड्याच्या बंगल्यावर गेलं की चहा आपणच करायचा, नातेवाइकांकडे गेलं की पोळ्या लाटायला आपणच बसायचं. बोटीची खरी जमेची बाजू कोणती विचाराल तर ती ही : तीन दिवस सकाळी उठल्यावर ‘आज भाजी काय करू’ हा प्रश्न पडत नाही. जेवण, नाश्ता, अंथरूण-पांघरूण सारं आयतं. सामान एकदा खोलीत लावलं की पुन्हा बांधावं लागत नाही.

पण हा लाभ पदरात पडायचा तर निघण्यापूर्वीच घरात बोलून ठेवा. मुलांच्या मागे पोहण्याच्या तलावापाशी कोण बसणार, सासूबाईंबरोबर कोण थांबणार, याच्या वेळा वाटून घ्या. नाहीतर तुम्ही समुद्रावरही मुलांचे ओले कपडे पिळत बसाल आणि बाकीचे नाच-गाणं बघतील.

बोटी कोणत्या?

कोकणाला बोट नवी नाही. मुंबईहून हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले करत गोव्यापर्यंत जाणाऱ्या आगबोटींवर आपल्या आधीच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. ती वाहतूक पुढे थांबली. २०१८ साली ‘आंग्रिया’ नावाची बोट मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली, पण २०२० नंतर तीही बंद झाली. सप्टेंबर २०२१पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीची ‘एम्प्रेस’ ही मोठी बोट मुंबईहून सुटू लागली. मूळची १९९० साली बांधलेली ही बोट सुमारे अठराशे प्रवासी नेते. तिच्यासारख्या बोटीवर मुंबई-गोवा-मुंबई अशी दोन-तीन रात्रींची किंवा लक्षद्वीपपर्यंतची जरा लांबची सफर करता येते. वेळापत्रक दर हंगामाला बदलतं. म्हणून शेजारणीनं गेल्या वर्षी सांगितलेल्या तारखांवर विसंबू नका.

पहिल्यांदाच जात असाल तर दोन-तीन रात्रींची गोव्याची सफर पुरे. समुद्र आपल्याला मानवतो की नाही, ते त्यात कळतं.

लक्षद्वीपचं निळं पाणी पाहण्यासारखं आहे यात शंका नाही. पण तिथे जायला परवाना लागतो. त्याचे कागद वेळेवर झाले आहेत ना, हे आरक्षण करतानाच विचारा. शिवाय मोठी बोट बेटापासून दूर उभी राहते आणि लहान होडीत उतरून किनारा गाठावा लागतो. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना हलत्या होडीत उतरणं जमेल का? आणि समुद्र खवळला तर उतरणंच रद्द होतं. हे आधी माहीत असलं म्हणजे ऐन वेळी हिरमोड होत नाही.

सिंगापूरहून निघणाऱ्या सफरींच्या जाहिराती फार मोहक असतात. तिथे बोटीच्या भाड्यावर विमानाचं भाडं, पासपोर्ट आणि व्हिसा चढतो. बोट दुसऱ्या देशात जाऊन पुन्हा सिंगापूरला येत असेल, तर व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेशाचा हवा. ही एक ओळ तपासायची राहिली, तर परतीच्या बंदरावर फजिती होते.

मे महिना आणि आपला समुद्र

शाळेचा निकाल लागेपर्यंत १ मे उजाडतो आणि मेच्या उत्तरार्धात अरबी समुद्राचं काही खरं नसतं. रायगडच्या बायकांना हे सांगायला नको. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा किती घरांची कौलं आणि पत्रे उडाले, ते आपण पाहिलंय. पुढच्याच वर्षी मे महिन्याच्या मध्यावर ‘तौक्ते’ आलं. तेव्हा मुहूर्त काढायचा तर मेचा पहिला पंधरवडाच. त्यापुढची तारीख स्वस्तात मिळत असेल, तर ती स्वस्त का आहे, याचा विचार करा.

आणखी एक विचारून घ्या : हवामानामुळे कंपनीनं सफर रद्द केली तर पैसे परत मिळतात, की पुढची तारीख मिळते? मार्ग बदलून बोट गोव्याला गेलीच नाही तर काय? आणि घरातल्या आजारपणामुळे आपण रद्द केली, तर किती कापून घेतात? उत्तरं तोंडी नकोत, लेखी हवीत.

खोली कोणती घ्यावी?

साधारण तीन प्रकार असतात. आतली खोली सर्वांत स्वस्त, पण तिला खिडकी नसते. दिवस आहे की रात्र कळत नाही. दुसरीला बंद काचेची खिडकी असते. तिसरीला बाहेर सज्जा असतो आणि ती महाग. मुलं दिवसभर वरच्या मजल्यांवरच हुंदडणार, खोलीत फक्त झोपायला येणार, असं असेल तर आतली खोलीही चालते. मात्र वयस्क माणसाला कोंदटल्यासारखं होतं. त्यांच्यासाठी खिडकी घेतलेली बरी.

चौघांच्या खोलीत दोन पलंग बहुधा वरून उघडणारे असतात आणि शिडीनं चढावं लागतं. मुलांना त्यात गंमत वाटेल, सासूबाईंना नाही. तेव्हा पाच माणसांसाठी एक खोली की दोन, हे भाड्याबरोबरच झोपायच्या जागा पाहून ठरवा. बोट लागण्याची भीती असेल तर खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मागा. झोपाळ्याची फळी टोकाला जास्त हलते आणि मध्ये कमी, तसंच जहाजाचं.

हिशेब : जाहिरातीतला आणि खरा

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेलं भाडं म्हणजे नुसतं मुद्दल. एका कागदावर हे खर्च एकाखाली एक लिहा :

- माणशी भाडं. एकाच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला बहुधा सवलत असते, ती विचारून घ्या.
- बंदर-शुल्क, सेवाशुल्क आणि कर.
- बोटीवरचे वेगळे खर्च : शीतपेयं, खास उपाहारगृहं, इंटरनेट, फोटो, मुलांचे काही खेळ.
- गोव्यात उतरल्यावरची गाडी आणि जेवण.
- घर ते बंदर जाण्यायेण्याचा खर्च.

बेरजेला माणसांनी आणि रात्रींनी भागा. जो आकडा येईल, तो गोव्यातल्या बऱ्याशा हॉटेलाच्या एका रात्रीशी ताडून पाहा. मगच महाग की स्वस्त ते ठरवा.

बोटीवर रोख पैसे फारसे चालत नाहीत. हातात एक कार्ड देतात आणि खर्च त्यावर चढत जातो. पैसा हातातून जाताना दिसत नाही, म्हणून तो जास्त जातो. रोज रात्री खात्यावरचा आकडा पाहायची सवय ठेवा. जुगाराचं दालन आणि मद्यालयही बोटीवर असतं. ‘गंमत म्हणून’ किती खर्च करायचा, तो आकडा घरूनच दोघांनी मिळून ठरवलेला बरा. वर्षभर भिशीतून साठवलेले पैसे एका संध्याकाळी जायला नकोत.

प्रकृती आणि सामान

शरीर हलतंय असं कान सांगतो आणि खोली स्थिर आहे असं डोळे सांगतात. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं. उपाय साधे आहेत : मोकळ्या हवेत यावं, दूरच्या क्षितिजाकडे पाहावं, पोट रिकामं ठेवू नये आणि तट्टही भरू नये. आलेपाकाच्या वड्या आणि आवळासुपारी पर्समध्ये असू द्या. गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते. या गोळ्यांनी झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. लहान मुलांना तर मनानं मुळीच देऊ नका.

घरात कुणी गरोदर असेल किंवा बाळ तान्हं असेल तर नियम आधी वाचा. चोवीस आठवडे उलटलेल्या गरोदर बाईला आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला बहुतेक कंपन्या घेत नाहीत.

घरचं शिजवलेलं अन्न, इस्त्री, विजेची किटली बहुधा आत नेऊ देत नाहीत. तेव्हा पुरणपोळ्यांचा डबा घरीच राहू द्या. मोठं सामान खोलीत पोचायला दोन-तीन तास लागतात. रक्तदाब-मधुमेहाची औषधं, मुलांचा एकेक कपड्यांचा जोड आणि ओळखपत्रं हातातल्या पिशवीतच ठेवा.

आणि बोटीवर चढल्यावर सुरक्षेची जी तालीम घेतात, तिला सगळ्यांनी जायचं. कंटाळा करायचा नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रायगडच्या कितीतरी घरांत ती आठवण आजही सांगितली जाते. डिसेंबर २०२४मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीचा अपघात झाला, त्यातही माणसं दगावली. जीवरक्षक जाकीट कुठे आहे आणि मुलांच्या मापाचं आहे का, हे पहिल्या तासातच पाहा.

कोलाडहून बंदरापर्यंत

मुंबईची मोठी बोट बॅलार्ड पिअरहून सुटते आणि प्रवासी घेणं ती सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. एसटीसारखा हात दाखवून ती थांबत नाही. आंबेवाडी नाक्यावरून निघाल्यावर वडखळपाशी किती वेळ जाईल, हे कुणी सांगावं! दुपारी पोचायचं असेल तर पहाटे निघा. जानेवारी २०२४पासून अटल सेतू खुला झाल्यानं उरणच्या बाजूनं थेट शिवडीला उतरता येतं. दुसरा रस्ता मांडव्याचा. तिथून मार्च २०२०मध्ये सुरू झालेल्या रो-रो बोटीनं तासाभरात भाऊच्या धक्क्याला पोचाल, आणि बॅलार्ड पिअर तिथून जवळ आहे.

एक सुचवण : एकेरी सफर मिळाली तर जाताना बोटीनं गोवा गाठा आणि येताना मडगावहून कोकण रेल्वे धरा. खर्च आटोक्यात राहतो. गाडी रोह्याला थांबते की माणगावला, तेवढं आधी बघून ठेवा.

आणि बेरीज झेपली नाही तर?

तर वाईट वाटून घेऊ नका. कर्ज काढून करावी अशी ही गोष्ट नाही.

कोलाडच्या माणसांना ‘रो-रो’ म्हटलं की मालट्रक लादलेली आगगाडी आठवते. १९९९पासून ती इथूनच सुटते. पण मांडव्याच्या रो-रोत आपली गाडी घालून एकदा वरच्या मजल्यावर उभं राहा. तासाभराचा का होईना, समुद्र तोच. सासूबाईंना बोट लागते का, याची परीक्षाही स्वस्तात होते. मोठ्या सफरीचे पैसे भरण्यापूर्वी ही परीक्षा सगळ्यांनीच द्यावी.

आणि आपली कुंडलिका विसरू नका. मे महिन्यात बाकीच्या नद्यांचे खडक उघडे पडतात, तेव्हाही ती वाहते. कारण मुळशीच्या धरणाचं पाणी भिऱ्याच्या केंद्रात वीज तयार करून तिच्यात येतं. त्या धरणासाठी मुळशीकरांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ साली सेनापती बापटांच्या सोबतीनं त्यांनी सत्याग्रह केला, हेही मुलांना सांगा. सकाळी पाणी सोडलं की रबरी तराफे निघतात, त्यासाठी पुण्या-मुंबईची माणसं मुद्दाम कोलाडला येतात. मोठी मुलं आणि तुम्ही दोघं जा. लहानग्यांना वयाच्या अटीमुळे घेत नाहीत. शिरस्त्राण आणि जाकीट घातल्याशिवाय तराफ्यात पाऊल टाकू नका. धाकट्याला आणि सासूबाईंना रेवदंड्याला न्या. तीच कुंडलिका कोर्लईच्या किल्ल्याखाली समुद्राला मिळते.

बोट निवडा, नदी निवडा, नाहीतर मामाचं गाव निवडा. पण निवडताना कागदावर तुमचंही नाव लिहा. सगळ्यांच्या सोयी पाहून झाल्या की आपल्या नावापुढे एकच प्रश्न लिहायचा : “मला यात विसावा मिळेल का?” उत्तर ‘हो’ आलं, तरच पैसे भरा.