ब्लॉकेजच्या टक्क्यांत अडकलेलं हृदय

लिंबाचा रस एक वाटी, आल्याचा एक वाटी, लसणाचा एक वाटी, अ‍ॅपल सायडर व्हिनेगर एक वाटी. मंद आचेवर चाराच्या तीन वाट्या होईपर्यंत आटवायचं, गार झालं की तीन वाट्या मध घालायचा आणि रोज सकाळी अनशापोटी तीन चमचे घ्यायचे. सगळे ब्लॉकेज मोकळे, बायपास टळली! हा काढा तुमच्याही कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकदा तरी येऊन गेला असेल. ज्या काका-मामांना तो आवर्जून पाठवला जातो, त्यांतल्या कित्येकांना मधुमेह असतो. त्यात निम्मा मध आहे, हे मात्र पाठवणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

आल्या-लसणाशी भांडण नाही; ते आमटीत, चटणीत असावंच. घोळ आहे तो काढ्यामागच्या चित्रात. हृदयाच्या रक्तवाहिन्या म्हणजे घरातले नळ, त्यांत वर्षानुवर्षं चरबीचा गाळ साचतो, पूर्ण तुंबला की अ‍ॅटॅक. मग काहीतरी आंबट-तिखट पोटात घातलं की गाळ सुटेल, असं वाटणं साहजिक आहे. हृदयविकाराबद्दलचे आपले निम्मे गैरसमज या एका नळातून वाहत येतात.

चरबी वाहिनीच्या पोकळीत गाळासारखी बसत नाही. ती अस्तराखाली, भिंतीच्या आत साठते. तिथे शरीराच्या संरक्षक पेशी जमतात, दाह सुरू राहतो आणि या साठ्यावर एक पातळ आवरण तयार होतं. एखाद्या दिवशी ते आवरण फाटतं. आतला ऐवज रक्ताला लागताच तिथे गुठळी धरते आणि कालपर्यंत बऱ्यापैकी मोकळी असलेली वाहिनी पाहता पाहता बंद होते. पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही, तो मरू लागतो. हा हार्ट अ‍ॅटॅक. फाटण्याआधी तिथला अडथळा अनेकदा निम्म्याहूनही कमी असतो. जिना चढताना ना दम लागत, ना छातीत दुखत.

‘परवाच तर स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली होती,’ या हळहळीचा उलगडा इथे होतो. ट्रेडमिलवरची ही चाचणी मुख्यतः रक्तप्रवाह अडवण्याइतकं अरुंदपण पकडते. आवरण किती नाजूक आहे, हे तिला दिसत नाही. त्यामुळे नॉर्मल रिपोर्ट म्हणजे सिगारेटला मिळालेला परवाना नव्हे.

नळाच्या याच चित्रामुळे स्टेंटबद्दलही उलटसुलट समजुती आहेत. अ‍ॅटॅक चालू असताना बंद वाहिनी अँजिओप्लास्टीने उघडणं जीव वाचवतं. तिथे चालढकल नको. पण प्रकृती स्थिर असलेल्या माणसाच्या अँजिओग्राफीत ‘80 टक्के’ दिसलं म्हणून त्याच रात्री स्टेंट घातलाच पाहिजे, असं नाही. 2007 मधल्या ‘करेज’ आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या दोन मोठ्या अभ्यासांनी ते दाखवून दिलं. दुसऱ्यात 37 देशांतले पाच हजारांवर रुग्ण होते. अशा स्थिर रुग्णांमध्ये चांगल्या औषधोपचाराला स्टेंट किंवा बायपासची जोड दिल्याने छातीतलं दुखणं कमी झालं, पण एकूण मृत्यू काही घटले नाहीत. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असेल किंवा हृदयाचं पंपिंग फार कमी झालं असेल, तर गोष्ट वेगळी. तरी दुसरं मत घ्यायला बहुतेकांना वेळ असतो, आणि तो मागताना संकोच करू नये.

उलट बाजूची चूक जास्त महागात पडते. स्टेंट बसला, आता गाडी नवी झाली, गोळ्या कशाला? स्टेंट वाहिनीचा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर भाग उघडा ठेवतो. आजार बाकीच्या भिंतींत तसाच असतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने बंद केल्या तर खुद्द स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. ज्या स्टॅटिनच्या नावाने बोटं मोडली जातात, ते एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, खाली आणतं आणि ते नाजूक आवरणही बळकट करतं. ब्लडप्रेशरच्या गोळीची ‘सवय लागते’ म्हणणाऱ्यांनाही एवढंच सांगायचं, की सवय लागत नाही. आजार जात नाही म्हणून गोळी जात नाही.

‘मी तर शिडशिडीत, मला कसला धोका?’ या प्रश्नाला पुण्यातून दिलेलं उत्तर जगभर गाजलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय 22.3, म्हणजे कागदावर दोघे सारखेच सडपातळ. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के! त्यात एक जण मॅरेथॉन धावणारा आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार मिटण्याआधी पळत गाठणं, अशी मिश्कील नोंदही आहे. आपली चरबी पोटाच्या आत लपते, म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप खरा. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बायकांची 80 च्या आत हवी. पॅंटचा नंबर सांगू नका. पॅंट पोटाखाली घातली जाते.

दक्षिण आशियाई माणसाला हा आजार लवकरही गाठतो. 52 देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात पहिल्या अ‍ॅटॅकचं सरासरी वय आपल्याकडे 53 निघालं, इतरांचं 59 च्या जवळ. त्याच अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांचा धोका न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून थोडा जास्तच दिसला. धूर नाही म्हणून तंबाखू-चुना आणि मशेरी निर्धोक, हा समज गावोगाव पक्का आहे. निकोटीन रक्तात दोन्ही वाटांनी जातंच. ‘दिवसाला एकच’ ओढणाऱ्यांचाही हिशोब चुकतो. दिवसाला वीस ओढणाऱ्याचा जेवढा जादा धोका, त्याचा जवळपास निम्मा एका सिगारेटमध्येच पदरात पडतो. राहता राहिला तेलाच्या डब्यावरचा ‘कोलेस्टेरॉल-फ्री’चा शिक्का: वनस्पतीच्या कुठल्याच तेलात सांगण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं.

आता सगळ्यांत घातक शब्द, ‘गॅसेस’. रात्री दीडला छातीच्या मधोमध दाबल्यासारखं होतं, घाम फुटतो, मळमळतं. घरातलं कुणी ओवा चावायला देतं, कुणी सोडा फोडतं, पाठ चोळली जाते. ढेकर येतो, ‘बघ, बरं वाटलं ना!’ आणि सकाळी फॅमिली डॉक्टरकडे जायचं ठरतं. ढेकर येणं हा अ‍ॅटॅक नसल्याचा पुरावा नाही. सिनेमातल्यासारखा माणूस छातीची डावी बाजू पकडून कोसळेलच असंही नाही. दुखणं जबड्यात, खांद्यात, पाठीत, बेंबीच्या वर असू शकतं. बायकांना आणि मधुमेहींना कधी नुसता दम लागतो, किंवा न सांगता येण्याजोगा थकवा येतो. आईला ‘कालपासून कसंतरीच होतंय’ आणि तरी ती पोळ्या लाटतेय, हे दृश्य आपल्या घरांत नवं नाही. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी गाडी फिरवू नये. तो थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो, सोबत हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी.

खोकत राहिलं की अ‍ॅटॅक थांबतो, हा आणखी एक फॉरवर्ड. त्यावर विसंबू नका. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवू नका, आधीच रक्तदाब खाली आलेला असेल तर माणूस कोसळतो. अ‍ॅलर्जी, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर 300 मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन चावून घेण्याबद्दल 108 या रुग्णवाहिका सेवेला फोन करून तिथल्या डॉक्टरांना विचारा. महाराष्ट्रात ही सेवा 2014 पासून आहे. रुग्णाला जिना उतरायला लावू नका, स्वतः गाडी चालवू देऊ नका. तो बेशुद्ध पडला आणि श्वास नीट चालत नसेल, तर 108 ला कळवून छातीच्या मधोमध जोरात, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने दाबत राहा.

आणि एक काम आजच उरका. घरापासून सगळ्यांत जवळ, चोवीस तास कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय, चालू असलेलं रुग्णालय कोणतं, ते विचारून घ्या. जवळपास तसं नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कुठे मिळतं ते विचारा. नाव आणि फोन नंबर फ्रिजच्या दारावर लावून ठेवा.