दत्तक कुत्रे : समजुती आणि वस्तुस्थिती

नागपूरजवळच्या कन्हानच्या बाजारात, रेल्वेच्या फलाटावर आणि कोळसा खाणींच्या वसाहतींत जी कुत्री लोकांनी टाकलेल्या तुकड्यांवर वाढतात, त्यांपैकी एखादे आपल्या घरी न्यावे असे मनात येणे ही सहृदयतेची खूण खरी. परंतु त्या सहृदयतेस माहितीचे पाठबळ नसले, म्हणजे हौसेने आणलेले तेच जनावर महिनाभरात पुन्हा रस्त्यावर सोडले जाते. म्हणून काही रूढ समजुतींची छाननी करणे अगत्याचे आहे.

समजूत : रस्त्यावरील कुत्र्यास खाऊ घालणाऱ्याने त्याला दत्तक घेतलेच पाहिजे, असा न्यायालयाचा हुकूम आहे.
वस्तुस्थिती : मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तशा आशयाचा आदेश दिला होता, परंतु पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या सक्तीस स्थगिती दिली. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने खाऊ घालण्यासाठी जागा मुक्रर करण्यास सांगितले, आणि दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यास नगरसंस्थेकडे अर्ज करण्याची मुभा दिली. मात्र एकदा घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी अर्जदाराच्या शिरावर ठेवली. दत्तक घेणे ऐच्छिक आहे. घेतल्यावर सोडून देणे ऐच्छिक नाही.

समजूत : गावठी कुत्रे घरात टिकत नाही; पाळायचे तर विलायतीच.
वस्तुस्थिती : कुत्र्याच्या अंगास माणसासारखा घाम येत नाही, ते मुख्यत्वे धापा टाकून शरीर थंड करते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा चपट्या नाकाच्या पगला श्वास पुरत नाही आणि बर्फाळ मुलखासाठी घडलेल्या हस्कीला स्वतःची दाट लोकरच जाचते. आखूड केसांचे, लांब नाकाडाचे गावठी कुत्रे या हवेस पिढ्यान्‌पिढ्या सरावलेले आहे. आणि घरात टिकण्याचा प्रश्न जातीचा नसून शिस्तीचा व सहवासाचा आहे.

समजूत : पिल्लू जितके लहान, तितका लळा अधिक.
वस्तुस्थिती : आठ आठवड्यांहून लहान पिल्लाची विक्री २०१७ च्या नियमांनी निषिद्ध ठरवली आहे, आणि त्यामागे कारण आहे. आईच्या व भावंडांच्या संगतीतच पिल्लू चावा किती जोराने घ्यावा हे शिकते. ते शिक्षण हुकले, तर त्याची किंमत घरातली मुले मोजतात. उलट प्रौढ कुत्र्याचा आकार व स्वभाव आधीच पारखता येतो, आणि माया तेही तितकीच लावते.

समजूत : दूधपोळी घातली, पाठीवर हात फिरवला, की कुत्रे एका दिवसात रुळते.
वस्तुस्थिती : सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. नवे कुत्रे पहिल्या दिवशी दिवाणाखाली शिरते, कान मागे टाकते, वारंवार ओठ चाटते, नजर चुकवते आणि अन्नास तोंड लावत नाही. घरचे लोक त्याला हट्टी ठरवून गळपट्टा धरून ओढतात. वास्तविक ते भ्यालेले असते. अशा वेळी त्याला एक शांत कोपरा व पाणी द्यावे, वाटी जरा दूर ठेवून आपण तोंड वळवून बसावे, आणि शेजारीपाजाऱ्यांस दर्शनास बोलावू नये. उघड्या खाणीत सुरुंग उडाला किंवा जबलपूर रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला, की असे कुत्रे उघड्या दारातून बेभान पळत सुटते; सबब प्रारंभीचे काही आठवडे दार बंद आणि बाहेर नेताना साखळी हातात असावी.

स्थूलमानाने भीती ओसरण्यास तीन दिवस, दिनक्रम अंगवळणी पडण्यास तीन आठवडे आणि घर आपले वाटण्यास तीन महिने, असा ठोकताळा जाणकार सांगतात. काहींना याहून अधिक काळ लागतो. पूर्वीचे अन्न एकाएकी न बदलता आठवडाभरात हळूहळू बदलावे. पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही. कांदा, लसूण, मनुका व चॉकलेट त्यांना विषवत् आहेत. आणि सावजी रश्श्यातले कोंबडीचे शिजलेले हाड फुटून आतड्यात रुतू शकते.

समजूत : रेबीजची लस एकदा टोचली, की जन्माची काळजी मिटली.
वस्तुस्थिती : पहिली मात्रा साधारण तिसऱ्या महिन्यात, दुसरी वर्षभराने आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित द्यावी लागते. कुत्रे चावल्यास जखमेवर हळद, चुना वा तिखट न लावता ती पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि विनाविलंब दवाखाना गाठावा. कारण लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर खात्रीचा इलाज नाही. कुत्र्याच्या लसीसाठी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय कन्हानपासून दूर नाही.

कुत्रे आणण्यापूर्वी त्याच्याजवळ दुपारी कोण असेल आणि दिवाळीत गावी जाताना त्याला कोण सांभाळेल, या दोन प्रश्नांची उत्तरे घरातील सर्वांनी मिळून द्यावीत. ती मिळत नसतील, तर आपल्या गल्लीतील कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण व्हावे म्हणून नगरपरिषदेकडे पाठपुरावा करावा. तीही भूतदयाच होय.